जुन्या गोव्याचे फेस्त

मार्गशीर्ष महिना लागला, की खानदेशात यात्रांचे दिवस येतात. तापीच्या काठी सारंगखेडे येथे दत्तजयंतीला एकमुखी दत्ताची मोठी यात्रा भरते. कपाशीची वेचणी चालू असते, पहाटेची थंडी अंगाला झोंबत असते, आणि तरीही नरडाणा, शिंदखेडे, शिरपूर, शहादे या बाजूंची माणसे वेळात वेळ काढून यात्रेला जातात. कोणी नवस फेडायला जातो, कोणी घोड्यांचा बाजार पाहायला, तर कोणी नुसता माणसांत मिसळायला. यात्रेचे हे स्वरूप खानदेशातील प्रत्येक मुलाच्या परिचयाचे आहे.

याच सुमारास, येथून शेकडो मैल दक्षिणेला, मांडवी नदीच्या काठीही एक यात्रा भरते. सावंतवाडी, बेळगाव, कारवार या भागांतून भाविक मजल दरमजल करीत तेथे पायी जातात. त्यांच्या मुखी असते ते एका संताचे नाव. तो संत गोव्यात जन्मला नव्हता. तो गोव्यात मरणही पावला नाही. आयुष्याची शेवटची दहा वर्षे तो पूर्वेकडील देशांत हिंडला, आणि त्यातही गोव्यात त्याचा मुक्काम थोडाच झाला. तरी गोव्याचे लोक त्याला ‘गोंयचो सायब’, म्हणजे गोव्याचा धनी, असे म्हणतात. या संताचे नाव फ्रान्सिस झेवियर. त्याच्या स्मरणार्थ दर वर्षी ३ डिसेंबर या दिवशी जुन्या गोव्यात जो उत्सव होतो, त्याला ‘फेस्त’ म्हणतात.

फेस्त हा शब्द पोर्तुगीज भाषेतून कोकणीत आला. असे आणखीही शब्द आपल्या ओळखीचे आहेत. ‘नाताळ’ हा मूळचा पोर्तुगीज शब्द असून त्याचा अर्थ जन्म असा आहे. ‘पाद्री’ आणि ‘पाव’ हेही तिकडूनच आले. माणसे एकमेकांजवळ राहू लागली, की देवघेव केवळ मालाची होत नाही. शब्दांची, चवींची आणि सणांचीही होते.

ख्रिस्ती धर्मात ‘प्रेषित’ या शब्दाला विशेष अर्थ आहे. प्रेषित म्हणजे पाठविलेला. येशू ख्रिस्ताने आपल्या शिष्यांतून बारा जणांची निवड केली आणि आपला उपदेश जगाला सांगण्यासाठी त्यांना पाठविले; म्हणून ते प्रेषित. त्यांच्यापैकी संत थॉमस हा इसवी सनाच्या पहिल्या शतकात भारतात आला, अशी केरळातील ख्रिस्ती लोकांची प्राचीन परंपरा आहे. चेन्नईतील मैलापूर येथे त्याची समाधी दाखविली जाते. फ्रान्सिस झेवियर या बारा जणांतील नव्हेत. त्यांच्यात आणि झेवियर यांच्यात पंधरा शतकांचे अंतर आहे. परंतु दूरदूरच्या देशांत पाठविला गेलेला धर्मोपदेशक या अर्थाने कॅथलिक लोक त्यांनाही ‘पौर्वात्य देशांचा प्रेषित’ असे आदराने संबोधतात.

कॅथलिक पंथाच्या धार्मिक वर्षात या फेस्ताचे स्थान लक्षात घेण्यासारखे आहे. नाताळापूर्वीच्या चार रविवारांनी मिळून जो काळ होतो, त्याला आगमनकाळ म्हणतात. येशूच्या जन्मोत्सवासाठी मनाची तयारी करण्याचा हा काळ होय. त्याचा पहिला रविवार नेहमी २७ नोव्हेंबर ते ३ डिसेंबर या सात दिवसांतच येतो. त्यामुळे झेवियर यांचे फेस्त दर वर्षी आगमनकाळाच्या पहिल्याच आठवड्यात पडते. पुढे २५ डिसेंबरला नाताळ, २७ डिसेंबरला प्रेषित संत योहान याचा सण, आणि ६ जानेवारीला बाळ येशूच्या दर्शनास आलेल्या तीन राजांचा सण, अशी सणांची मालिकाच लागते. प्रेषित संत थॉमस याचाही सण पूर्वी २१ डिसेंबरला, म्हणजे नाताळाच्या तोंडावर होत असे. १९६९ साली झालेल्या फेरबदलानंतर तो ३ जुलैला करण्यात येतो. गोव्यातील माणसाला मात्र नाताळाची पहिली चाहूल लागते ती जुन्या गोव्याच्या फेस्तानेच.

फ्रान्सिस यांचा जन्म ७ एप्रिल १५०६ रोजी स्पेनच्या उत्तरेकडील नाव्हार प्रांतात, झेवियर नावाच्या गढीत झाला. घराणे मानाचे होते. वडील राजाच्या दरबारी अधिकारी होते. परंतु १५१२ साली शेजारच्या कास्तील राज्याने नाव्हार जिंकून घेतले आणि या घराण्याचे दिवस पालटले. गढीचे बुरूज पाडण्यात आले. हा विध्वंस लहानग्या फ्रान्सिसने पाहिला. पुढे एकोणिसाव्या वर्षी तो विद्या संपादन करण्यासाठी पॅरिसच्या विद्यापीठात गेला. विद्वान व्हावे, मोठे पद मिळवावे आणि घराण्याची गेलेली प्रतिष्ठा परत आणावी, अशी त्या तरुणाची आकांक्षा होती.

पॅरिसमध्ये त्याला इग्नेशियस लोयोला हा सोबती भेटला. इग्नेशियस वयाने बराच मोठा होता. एके काळी तो सैनिक होता. लढाईत त्याचा पाय जायबंदी झाला होता. जग जिंकून आत्मा गमावला तर काय मिळविले, हा विचार तो फ्रान्सिसपुढे पुनःपुन्हा मांडी. महत्त्वाकांक्षी तरुणाला प्रथम तो रुचला नाही. परंतु हळूहळू त्याचे मन पालटले. १५ ऑगस्ट १५३४ रोजी पॅरिसजवळच्या मोंमार्त्र टेकडीवर सात मित्रांनी एकत्र येऊन दारिद्र्याचे आणि सेवेचे व्रत घेतले. यातूनच पुढे १५४० साली ‘येशू संघ’ या धर्मसंघाला मान्यता मिळाली. त्या संघाच्या लोकांना जेझुइट असे म्हणतात.

त्याच वर्षी पोर्तुगालच्या राजाने आपल्या पूर्वेकडील मुलखासाठी धर्मोपदेशक मागितले. ज्याची निवड झाली होती तो आजारी पडला, आणि ऐन वेळी त्याच्या जागी झेवियर यांना जावे लागले. तयारीला पुरता दिवसही मिळाला नाही. ७ एप्रिल १५४१ रोजी, आपल्या पस्तिसाव्या वाढदिवशी, त्यांनी लिस्बन बंदर सोडले. आफ्रिकेला वळसा घालून येणारा तो प्रवास तेरा महिने चालला. वाटेत अनेक जण आजारी पडले. त्यांची शुश्रूषा झेवियर यांनी आपल्या हातांनी केली. ६ मे १५४२ रोजी ते गोव्याला उतरले.

गोव्यात त्यांनी इस्पितळातच मुक्काम केला. रोग्यांची सेवा करावी, तुरुंगातील कैद्यांना भेटावे, आणि हातात घंटा घेऊन ती वाजवीत गल्लोगल्ली हिंडावे, असा त्यांचा क्रम असे. घंटेचा नाद ऐकून मुले भोवती जमत. मग ते त्यांना घेऊन चर्चमध्ये जात आणि सोप्या चालीवर प्रार्थना शिकवीत. काही महिन्यांतच ते दक्षिणेकडील समुद्रकिनाऱ्यावर, मोती काढणाऱ्या परवर लोकांत गेले. तेथील भाषा तमिळ. झेवियर यांना ती येत नव्हती. जाणकारांकडून त्यांनी प्रार्थनांचे भाषांतर करून घेतले आणि ते शब्दन्‌शब्द पाठ केले. १५४४ साली त्या कोळी लोकांवर हल्ला झाला आणि ते किनाऱ्यावरील खडकांत उपाशी अडकून पडले, तेव्हा झेवियर अन्नाने भरलेल्या होड्या घेऊन त्यांच्या मदतीला धावले. १५४५ साली मैलापूरला संत थॉमसच्या समाधीपाशी त्यांनी काही महिने काढले. पुढच्या प्रवासाचा निश्चय त्यांनी तेथेच केला.

त्यानंतर ते मलाक्का आणि मोलुक्का बेटांना गेले. १५ ऑगस्ट १५४९ रोजी जपानमधील कागोशिमा बंदरात उतरले आणि दोन वर्षांहून अधिक काळ तेथे राहिले. जपानी लोकांच्या सुसंस्कृतपणाचे त्यांनी आपल्या पत्रांतून कौतुक केले आहे. त्यांची शंभराहून अधिक पत्रे आज उपलब्ध आहेत. त्यांत पोर्तुगीज अधिकाऱ्यांचा लोभ आणि त्यांनी चालविलेला जुलूम यांविषयी कठोर शब्दही आहेत. राजालाही स्पष्ट लिहिण्यास ते कचरले नाहीत.

शेवटी त्यांना चीनला जाण्याची ओढ लागली. त्या काळी चीनमध्ये परकीयांना प्रवेश नव्हता. १५५२ साली ते चीनच्या किनाऱ्यासमोरील सांचियान नावाच्या बेटावर जाऊन पोहोचले. पलीकडे नेणाऱ्या होडीची वाट पाहत असता त्यांना ताप आला. थंडीवाऱ्यात एका झोपडीत, अंतोनियो नावाच्या एका चिनी सोबत्याखेरीज जवळ फारसे कोणी नसताना, ३ डिसेंबर १५५२ रोजी त्यांचे निधन झाले. वय अवघे सेहेचाळीस वर्षांचे होते. चीनची भूमी समोर दिसत होती, पण तिच्यावर पाऊल पडले नाही.

देह बेटावरच चुना घालून पुरण्यात आला. काही आठवड्यांनी तो उकरून पाहिला, तेव्हा तो कुजलेला नव्हता, असे तेव्हाच्या लोकांनी लिहून ठेवले आहे. तो प्रथम मलाक्काला आणि मग १५५४ च्या मार्च महिन्यात गोव्याला आणण्यात आला. त्याच्या दर्शनासाठी सारे शहर लोटले. १६२२ साली पोपने त्यांना संतपद दिले. मधल्या काळात, १६१४ साली, त्यांच्या उजव्या हाताचा कोपरापुढील भाग रोमला नेण्यात आला. आज देहाचे जे अवशेष आहेत ते सुकलेले आहेत, आणि ते काचेच्या पेटीत जपून ठेवले आहेत.

ज्या चर्चमध्ये हे अवशेष आहेत त्याचे नाव ‘बों जेझुस’. त्याचा शब्दशः अर्थ ‘चांगला येशू’. हे मंदिर बाळ येशूला वाहिलेले आहे. मुख्य वेदीवर बाळ येशूची लहान मूर्ती असून तिच्या वर, जणू तिचे रक्षण करीत उभी असलेली, संत इग्नेशियस यांची भव्य मूर्ती आहे. म्हणजे प्रेषिताचे फेस्त आणि बाळ येशूचा जन्मोत्सव हे दोन्ही येथे एकाच छपराखाली येतात. या चर्चची पायाभरणी १५९४ साली झाली आणि १६०५ साली त्यात उपासना सुरू झाली. भिंती जांभ्या दगडाच्या, म्हणजे कोकणात ज्याला चिरा म्हणतात त्या दगडाच्या आहेत. दर्शनी भागावरील कोरीव कामासाठी लागणारा काळा दगड मात्र वसईहून आणला होता. गोव्याच्या या प्रसिद्ध मंदिरात असा महाराष्ट्राचाही दगड आहे.

देह ठेवलेली चांदीची पेटी १६३७ च्या सुमारास गोव्याच्याच चांदीकारांनी घडविली. तिच्यावर संताच्या आयुष्यातील प्रसंग कोरलेले आहेत. ती पेटी ज्या संगमरवरी चौथऱ्यावर आहे तो इटलीतील तस्कनीचा अधिपती तिसरा कोझिमो याने भेट म्हणून पाठविला. फ्लॉरेन्सचा शिल्पकार फोज्जिनी याने तो दहा वर्षे खपून तयार केला आणि १६९८ साली तो येथे उभारण्यात आला. वसईचा दगड, इटलीचा संगमरवर आणि गोव्याच्या कारागिरांचे हात अशा त्रिवेणी संगमातून हे स्थान सिद्ध झाले आहे.

फेस्ताच्या आधी २४ नोव्हेंबरपासून नऊ दिवस प्रार्थना चालतात. त्यांना ‘नोव्हेना’ म्हणतात. लॅटिन भाषेत नऊ या संख्येला ‘नोव्हेम’ असा शब्द आहे. संस्कृतमधील ‘नव’ या शब्दाचा तो भाऊच होय. आपल्याकडे जसे नवरात्र, तशी तिकडे नोव्हेना. पहाटेपासून कोकणीतून प्रार्थना होतात. ३ डिसेंबरला चर्चच्या आवारातील मोठ्या मांडवाखाली मुख्य प्रार्थना होते. बाहेर मेणबत्त्यांची, खाज्यांची, चण्याफुटाण्यांची दुकाने लागतात. मेणाचे हात, पाय, डोळे विकायला असतात. ज्याचा जो अवयव दुखत असेल त्याची मेणाची प्रतिकृती तो संताला वाहतो. आपल्याकडे देवाला चांदीचे डोळे वाहतात, त्याचीच येथे आठवण होते. गर्दीत केवळ ख्रिस्तीच असतात असे नाही. पुष्कळ हिंदूही तेथे श्रद्धेने हात जोडतात.

एरवी ही पेटी उंच चौथऱ्यावर असते. भाविकांना ती खालूनच पाहावी लागते. परंतु सामान्यपणे दहा वर्षांनी एकदा अवशेष खाली आणून, मिरवणुकीने रस्त्यापलीकडच्या से कॅथीड्रल या मोठ्या चर्चमध्ये नेऊन सर्वांच्या दर्शनासाठी ठेवतात. या प्रथेचा उगम मोठा मनोरंजक आहे. १७५९ साली पोर्तुगीज सरकारने जेझुइटांना हाकलून दिले. त्यानंतर, संताचा खरा देह त्यांनी गुपचूप नेला असून पेटीत दुसराच कोणाचा तरी देह आहे, अशी कंडी पिकली. लोकांचा संशय दूर व्हावा म्हणून १७८२ साली पेटी उघडून देह सर्वांना दाखविण्यात आला. म्हणजे आज जो श्रद्धेचा मोठा सोहळा झाला आहे, त्याचे बीज एका शंकेत होते. १९६४ पासून तो दर दहा वर्षांनी नियमाने होत आला आहे. २०२४ सालचा सोहळा २१ नोव्हेंबरला सुरू होऊन ५ जानेवारी २०२५ रोजी संपला. आगमनकाळ, नाताळ आणि नवे वर्ष हे सारे त्यातच आले.

या संताच्या भक्तीचा एक प्रसंग मराठ्यांच्या इतिहासाशी जोडलेला आहे. १६८३ साली पोर्तुगीजांनी फोंड्याच्या किल्ल्यावर चाल केली. छत्रपती संभाजी महाराज स्वतः किल्ल्याच्या मदतीस धावून आले आणि पोर्तुगीजांना माघार घ्यावी लागली. नोव्हेंबरच्या अखेरीस एका रात्री ओहोटीचा फायदा घेऊन मराठ्यांनी राजधानीजवळचे जुवे बेट घेतले. ते परत घेण्यासाठी गेलेला पोर्तुगीज व्हाइसरॉय कोंदि द आल्व्होर स्वतः जखमी होऊन कसाबसा निसटला. राजधानी आता पडणार, असे सर्वांना वाटू लागले. तेव्हा व्हाइसरॉय बों जेझुसमध्ये गेला, संताची पेटी उघडविली आणि आपला अधिकारदंड संताच्या हाती ठेवून, आता हे राज्य तुम्हीच सांभाळा, अशी त्याने प्रार्थना केली. डिसेंबरात मराठ्यांच्या फौजा बारदेश आणि सासष्टी या भागांत शिरल्या. त्या वर्षीचा नाताळ गोव्याने भीतीच्या छायेत काढला. पण जानेवारी १६८४ च्या आरंभी मराठी फौज माघारी वळली.

असे का झाले? गोव्याच्या भाविकांनी म्हटले, संत पावला. इतिहासकार सांगतात, की औरंगजेबाचा मुलगा शाह आलम मोठी फौज घेऊन कोकणात उतरत होता. दोन शत्रूंच्या कात्रीत सापडू नये म्हणून महाराजांनी गोव्याची मोहीम आवरती घेतली. या दोन उत्तरांतील भेद नीट समजून घेतला पाहिजे. मोगल सैन्य आले ही घटना आहे. तिची साधने आहेत, तारखा आहेत. संत पावला ही श्रद्धा आहे. ती लोकांच्या अंतःकरणात आहे. इतिहास शिकणाऱ्याने घटना पारखून घ्यावी, आणि श्रद्धेची नोंद करताना तिची थट्टा करू नये. त्या प्रसंगानंतर गोव्याचे व्हाइसरॉय अधिकार स्वीकारताना आपला दंड या समाधीपाशी घेऊ लागले. ‘गोंयचो सायब’ या नावामागे हीही स्मृती आहे.

इतिहासाची आणखी एक बाजू झाकून ठेवणे योग्य होणार नाही. पोर्तुगीज सत्तेच्या काळात गोव्यातील कित्येक मंदिरे पाडण्यात आली. आपले दैवत वाचविण्यासाठी लोकांनी रातोरात मूर्ती उचलून नदीपलीकडे नेल्या. कुशस्थळीचा मंगेश प्रियोळला गेला, केळशीची शांतादुर्गा कवळ्याला गेली. १५६० साली गोव्यात धर्मन्यायालय स्थापन झाले आणि त्याच्या जाचाने अनेकांचे हाल झाले. ते १८१२ साली कायमचे बंद झाले. झेवियर त्याच्या स्थापनेपूर्वी आठ वर्षे मरण पावले होते. परंतु असे न्यायालय गोव्यात असावे, अशी मागणी त्यांनी १५४६ साली राजाला लिहिलेल्या पत्रात केली होती, हेही खरे आहे. रोग्यांच्या अंथरुणाशी बसणारा माणूस आणि हे पत्र लिहिणारा माणूस एकच होता. थोर माणसांच्या ठायीही त्यांच्या काळाच्या मर्यादा असतात. त्यांची सेवा पाहावी, आणि मर्यादाही पाहावी. एकीसाठी दुसरी पुसून टाकू नये.

परधर्मीयांच्या या संबंधातून मराठी भाषेला मात्र एक अनमोल ठेवा मिळाला. झेवियर यांच्यानंतर सत्तावीस वर्षांनी, १५७९ साली, थॉमस स्टीफन्स नावाचे इंग्रज जेझुइट गोव्यात आले. झेवियर यांनी प्रार्थना पाठ केल्या होत्या. स्टीफन्स त्याही पुढे गेले. त्यांनी येथील भाषा इतकी आत्मसात केली, की ख्रिस्ताचे चरित्र मराठी ओवीत रचले. ‘ख्रिस्तपुराण’ हा त्यांचा ग्रंथ १६१६ साली रायतूर येथे रोमन लिपीत छापला गेला. त्याच्या ओव्यांची संख्या दहा हजारांहून अधिक आहे. ज्ञानेश्वर आणि एकनाथ यांच्या ओवीत बेथलेहेमच्या गोठ्यातील जन्मकथा सांगण्याचे धाडस एका परदेशी माणसाने केले, आणि ख्रिस्ती घरांतून ते पुराण आवडीने वाचले, गाइले गेले.

काळाच्या ओघात जुन्या गोव्याचे वैभव गेले. रोगांच्या साथींनी शहर ओस पडले, आणि १८४३ साली राजधानी रीतसर पणजीला गेली. चर्चे तेवढी उभी राहिली. १९ डिसेंबर १९६१ रोजी गोवा मुक्त झाला, तोही नाताळाच्या आधीच्याच आठवड्यात. १९८६ साली जुन्या गोव्यातील चर्चे जागतिक वारशाच्या यादीत दाखल झाली. परंतु वारसा यादीत नोंदवून टिकत नाही. तो रोज जपावा लागतो. १९५० नंतरच्या दशकात एका पोर्तुगीज वास्तुविशारदाने बों जेझुसचा बाहेरचा गिलावा काढून टाकला. त्यामुळे दगडाचा तांबडा रंग खुलला, आणि आज तेच रूप सर्वांच्या परिचयाचे झाले आहे. पण चिरा हा सच्छिद्र दगड आहे. तो पाणी पितो. कोकणचा मुसळधार पाऊस त्याच्यावर थेट मारा करू लागला, की तो झिजत जातो. पूर्वीच्या लोकांनी गिलावा दिला होता तो शोभेसाठी नव्हे, तर संरक्षणासाठी. म्हणून तो पुन्हा द्यावा, अशी मागणी अलीकडे खुद्द त्या चर्चच्या धर्मगुरूंनी आणि वास्तुतज्ज्ञांनी केली आहे. डोळ्यांना सवयीचे झालेले रूप राखावे, की भिंत राखावी, हा प्रश्न सोपा नाही.

फेस्त संपते. मांडव उतरतात, खाज्यांची दुकाने पुढच्या गावी जातात. घरोघर कागदी तारे टांगले जातात. गवत, माती आणि लहान मूर्ती यांनी बेथलेहेमचा गोठा सजतो. नेवऱ्या, दोदोल, बेबिंक असे पदार्थ तयार होतात आणि ताटे शेजाऱ्यांच्या घरी जातात. त्या शेजाऱ्यांत ख्रिस्ती असतात, तसेच ज्यांच्या पूर्वजांनी देव वाचवून नदीपलीकडे नेले, त्यांचे वंशजही असतात. गणेशचतुर्थीला हीच ताटे उलट दिशेने आलेली असतात. चारशे वर्षांपूर्वी जे घडले ते कोणी विसरलेले नाही. तरी ताट परत पाठविले जात नाही. गोव्याच्या मातीत रुजलेला हा समंजसपणा कोणा व्हाइसरॉयच्या हुकमाने आलेला नाही. तो पिढ्यानपिढ्या शेजाराने राहणाऱ्या साध्या माणसांनी स्वतः कमावलेला आहे.